बायोचा कागद

आक्का, तुझी डुकरीण मला अजून ओळखत नाही.

तू गेल्याला आज सतरा दिवस झाले. तेरावं झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ मीच बादली घेऊन जातो, तरी मी दाराशी आलो की ती माझ्या पाठीमागे बघते. खरी मालकीण मागून येतेय आणि हा नुसता बादली उचलायला पुढे पाठवलेला माणूस, असा तिचा समज असावा. तिचं तरी काय चुकलं? पन्नाशी उलटली तरी आपल्या कापडे गावात माझी ओळख तीच आहे. आक्काचा धाकटा भाऊ, पिशव्या उचलणारा.

आज सकाळी तिला न्यायला एक माणूस आला होता. सगळ्यांचं म्हणणं होतं विकून टाक, मोकळा हो. सुनंदाचंही तेच. "वन्सं होत्या तोवर ठीक होतं, आता महाडहून रोज दोनदा कोण जाणार?" ती खोटं बोलत नव्हती. मलाही तेच पटत होतं आणि त्याच वेळी पटत नव्हतं. मी औषधाच्या कारखान्यात माल पास-नापास करणारा माणूस. असं अर्धवट डोकं मला सोसत नाही. त्या माणसाचं काय झालं ते सांगतो, पण आधी मला तुला दुसरंच सांगायचंय. दसऱ्यापासून सांगायचं राहिलंय. खरं म्हणजे राहिलं नाही, मी ठेवलं.

हे सगळं तुझ्या त्या कॅन्टीनमधून सुरू झालं. वीस-बावीस वर्षं तू औद्योगिक वसाहतीतल्या कॅन्टीनमध्ये भात शिजवलास आणि तेवढीच वर्षं उरलेला भात मागच्या खड्ड्यात टाकलास. टाकण्याआधी तू पातेल्याला हात लावून नमस्कार करायचीस, हे मला तुझ्याबरोबरच्या बायकांकडून कळलं. तू कधी बोलली नाहीस. निवृत्त झालीस, कापड्याला आबांच्या घरात राहायला गेलीस आणि एका रविवारी आमच्याकडे जेवता जेवता म्हणालीस, "शऱ्या, मी डुक्कर घेतंय."

सुनंदाच्या हातातली वाटी तशीच राहिली. मी विचारलं, कुठलं डुक्कर? तू म्हणालीस, "जातिवंत. पांढरं. कागदवालं. त्याचा बाप कोण, आजा कोण, सगळं लिहून देतात म्हणं. ह्याची पोरं इकली की लोक रांग लावतात. आणि कॅन्टीनचा भात खाईल ना ते."

मग मी काय काय बोललो ते आठवून आज कान गरम होतात. आपल्यात कोणी पाळलंय का? लोक काय म्हणतील? प्राचीसाठी स्थळं बघतोय आम्ही, उद्या कोणी विचारलं तर काय सांगू, आत्याच्या दारात डुकरं आहेत? तू शांतपणे भात कालवत होतीस. म्हणालीस, "रानातलं येऊन भात तुडवून गेलं की गावभर शिव्या. कुणी मारलं की घरोघर वाटे. आणि माझ्या दारात बांधलं की विटाळ? तूच सांग रे, तू शिकलेला हायस."

त्यावर माझा आवाज चढला. उत्तर आलं नाही की मी आवाज चढवतो, हे तुला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून तू आणखी थोडं वरण मागितलंस.

दसऱ्याला आपण आंबेनळी घाट चढून वरच्या फार्मवर गेलो. टेम्पोत पुढे तू, मी आणि तुझ्या मांडीवर सुंभाचं नवं कोरं दावं. वरच्या धनगरवाड्यातल्या धोंडूमामाने खास वळून दिलेलं. मी म्हणालो, आक्का, ते टेम्पोतून येणार, दावं कशाला? तू माझ्याकडे असं बघितलंस की मी आबांचं लेकरू म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही. विकणारा आपलं दावं देत नाही. घेणाऱ्याने आपलं न्यायचं, ते गळ्यात पडलं की जनावर आपलं. म्हशीचा हा रिवाज डुकराला लागू आहे का, असा प्रश्न तुझ्या मनात आलाच नाही. माझ्या आला, पण मी हसण्यावारी नेला.

फार्मवर एका कुंपणात सात-आठ तरण्या माद्या होत्या, सगळ्या गोऱ्यापान, एकीसारखी दुसरी. तिथली व्यवस्था बघणारे तात्या सांगत होते, सड मोजून घ्या ताई, पाय बघा, चाल बघा. तू ऐकून घेतलंस आणि मग आपल्या पद्धतीने बघायला लागलीस. पदर खोचून आत शिरलीस, एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत गेलीस. कपाळ, मान, खांदा, कणा. आबा म्हैस बघायचे अगदी तसं. आणि एकीच्या पाठीवर तुझा हात थांबला.

"शऱ्या, हे बघ! भोवरा!"

खांद्याच्या जरा मागे, पाठीच्या बरोब्बर मध्ये केसांचा गोल भोवरा होता. आबा म्हणायचे, तिथे भोवरा असलेलं जनावर घर भरतं. आपली चांदी म्हैस आठवते? तिला तिथेच होता. तुझा चेहरा असा उजळला होता की मी तो भोवरा बघितलाच नाही, तुलाच बघत राहिलो.

आणि त्याच वेळी तात्यांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"साहेब, ती नका घेऊ. ती आम्ही पैदाशीतनं काढलीया. पाठीवर भोवरा असला की कागद मिळत न्हाई. ही खोट धरत्यात डुकरांत. दुसरी कुठलीबी घ्या. ताईंना तुम्ही सांगा, माझं ऐकतील का न्हाई."

आक्का, हे ते.

मी तुला सांगितलं नाही. तात्यांना म्हणालो, असू द्या, तिला तीच आवडलीय. ते म्हणाले, मग नुसत्या जनावराच्या भावात न्या, कागद मागू नका. मी मान डोलावली. आणि तू कुंपणातून बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारलास तो कागदाचा. मी म्हणालो, "तो मागाहून पोस्टाने येतो. सरकारी शिक्के लागतात."

इतकं सरळ, इतकं बिनचूक खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. शिक्के कुठून सुचले कोण जाणे.

का बोललो? सतरा दिवस हाच विचार करतोय आणि रोज वेगळं उत्तर येतंय. कधी वाटतं, तुझा उजळलेला चेहरा विझवायचा नव्हता म्हणून. हे उत्तर मला आवडतं, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. कधी वाटतं, कागदाशिवाय तुझा धंदा वर्षभरात गुंडाळला जाईल, तू घराला कुलूप लावून आमच्याकडे महाडला राहायला येशील, एकटी राहायची नाहीस, म्हणून. हेही खोटं नाही. आणि कधी वाटतं, प्राचीच्या स्थळांपुढे मान खाली घालायला लागू नये म्हणून तुझं नुकसान व्हावं अशी माझी इच्छा होती. दिवसभर लोकांचा माल नापास करणारा मी, आणि नापास झालेलं जनावर बहिणीच्या गळ्यात मारून आलो.

पुढची गंमत तुला मीच काय सांगायची. दावं बांधायला गेलीस तर डुकराला मानच नाही! डोकं संपतं तिथे खांदा सुरू होतो. तू बांधायचीस, ती डोकं हलवायची, दावं जमिनीवर. तीनदा झालं. फार्मवरचे गडी तोंडावर हात ठेवून हसत होते. तू म्हणालीस, "दावं पडल्याबिगर मी नाय न्यायची." शेवटी तात्यांनी ते पुढच्या पायांमागून पोटावरून बांधून दिलं. मग तू समाधानाने त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलंस, दुसरं डुकरिणीपुढे धरलंस आणि तिने ते खाल्लं. "बघ," तू म्हणालीस, "सोनं घेतलंन." तिथेच तिचं नाव बायो पडलं.

कापड्याला दारात सुनंदा ताट घेऊन उभी होती. ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो, कारण सकाळपर्यंत ती नाहीच म्हणत होती. पायावर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं. भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, तो टाकायच्या आधीच बायोने तोंडात घेतला आणि पाठोपाठ ताटातलं विड्याचं पानही. सुनंदा किंचाळली आणि मग इतकी हसली, इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. धोंडूमामा वरून मुद्दाम बघायला आला होता. त्याने पाठीवर हात फिरवला, भोवऱ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "लक्षणी हाय गो आक्का. बघून आनलीस." तू माझ्याकडे बघितलंस. मी टेम्पोवाल्याशी बोलत होतो.

त्यानंतर तुझं एकच चालू झालं. "शऱ्या, कागद आला काय रे?"

फोनवर पहिलं वाक्य तेच. रविवारी कॅन्टीनच्या उरल्या भाताचा डबा गाडीच्या डिकीत घालून मी यायचो, झाकण सैल असायचं, पोलादपूर येईपर्यंत गाडीभर आमटीचा वास. मी नाक मुरडत उतरायचो आणि तू डब्याला हात लावायच्या आधी विचारायचीस, कागद आला काय रे? मी कधी म्हणायचो साहेब रजेवर आहेत, कधी म्हणायचो फाईल पुढे गेलीय. तू म्हणायचीस, "येईल. कागद आला की नर बघू. कागदाबिगर नर दाखवायचा नाय, पोरांना नाव पायजे." आणि थांबायचीस.

मार्गशीर्षात एक दिवस तू म्हणालीस, शिवथरला घळीत दर्शनाला जाऊन येते. एकटीच गेलीस. संध्याकाळी परस्पर आमच्याकडे मुक्कामाला आलीस, दमलेली. सुनंदाने विचारलं, "वन्सं, प्रसाद?" तू म्हणालीस, "इसरले बघ." प्रसाद विसरणारी बाई तू नव्हेस, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आम्ही म्हटलं, वय झालं.

त्याच्यानंतरच्या रविवारी गोठ्याच्या पायरीवर बसून तू मला विचारलंस, "तुमच्यात मालात खोट निघाली तर काय करता रे?"

"लाल चिठ्ठी लावतो, बाजूला ठेवतो."

"आणि मंग?"

"मग काय, निर्णय होईपर्यंत तिथेच राहतो."

"किती दिस?"

"कधी कधी महिनोन्‌महिने."

तू बायोच्या पाठीवर, बरोब्बर त्या भोवऱ्यावर हात ठेवलास. "बायो, तू लाल चिठ्ठीची हायस गो." मी डब्याचं झाकण घट्ट करत बसलो. मग तू तिला भात घातलास, माझ्यासाठी चहा ठेवलास, आणि मी स्वतःची समजूत काढली की बायकांची थट्टा आहे.

जाताना गाडीपर्यंत आलीस आणि विचारलंस, कागद आला काय रे?

शिमग्याची पालखी दारावरून गेली, तू नारळ दिलास, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बादली भरता भरता पायरीवर बसलीस ती उठली नाहीस. धोंडूमामाचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो, हातात नमुन्याची बाटली होती. ती मी व्यवस्थित जागेवर ठेवली, नोंद केली, सही केली. मग निघालो. असं का केलं, ते मला कळत नाही.

दहाव्याला नदीवर गेलो. मी तयारीत गेलो होतो, आक्का. कावळा शिवणार नाही याची मला खात्री होती. तुझी इच्छा राहिली होती, ती कुठली हे मला एकट्याला माहीत होतं, आणि सगळ्या भावकीसमोर ते मी बोलणार होतो. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. पान ठेवलं, हात जोडायला वाकलो, सरळ होतो न होतो तोच कावळा उतरला आणि पिंड घेऊन गेला. लोक म्हणाले, वा, समाधानाने गेली. काकांनी पाठीवर थाप मारली.

मी तिथेच गोंधळलो तो अजून सावरलो नाही. काहीच राहिलं नव्हतं तुझं? मग पाच महिने मला येता-जाता विचारत होतीस ते काय होतं?

कावळ्यावर माझा किती विश्वास आहे हे सोड. पण तेरावं झाल्यावर मी फार्मवर फोन लावला. मनात होतं, भोवऱ्याला काही सवलत असते का विचारावं, अजूनही कागद मिळतो का बघावं. मेलेल्या माणसासाठी कागद. तात्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "कापड्याच्या ताईंचे भाऊ ना? ताई कशा हायत? मागं आलत्या त्यावर गाठच न्हाई."

मी म्हटलं, कधी आल्या होत्या?

"मार्गशीर्षात की. यष्टीनं आल्या एकट्या. कागदाची चौकशी करायला. मला वाटलं तुम्ही सांगितलं असंल. मी म्हटलं, ताई, हिला कागद न्हाई, मी तवाच तुमच्या भावाला बोललो व्हतो. पायजे तर बदलून देतो. त्या म्हणल्या, दावं बांधून नेल्यालं परत करत न्हाईत आमच्यात."

"आणखी काय म्हणाली?"

"काय न्हाई. च्या घेतला आन् गेल्या."

आक्का, चहा घेतलास आणि गेलीस. घाट उतरून आमच्याच घरी आलीस, माझ्याच ताटाशेजारी बसून जेवलीस, सुनंदाला म्हणालीस प्रसाद विसरले. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच, कागद आला काय रे.

मला तुझा राग आलाय. हे या दिवसांत बोलू नये, पण तुझ्याशी नाही बोलायचं तर कोणाशी? एकदा कानाखाली वाजवायचीस. लहानपणी वाजवली नव्हतीस का? आबांच्या डब्यातला गूळ खाऊन मी मांजराचं नाव घेतलं तेव्हा वाजवलीस आणि मग उरलेला गूळ मलाच दिलास. या वेळी नुसती विचारत राहिलीस. दर वेळी मला दार उघडून देत होतीस आणि मी दर वेळी साहेब रजेवर पाठवत होतो. की तू मला छळत होतीस? माझी फजिती बघून मजा वाटत होती? तुझ्यात तोही अंश होता. मला खरंच ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

आणि नर का नाही बघितलास? तुला कळलं होतं कागद येणार नाही. मग पिल्लांना कशाला अडवलंस? पिल्लं बघायची केवढी हौस होती तुला, धोंडूमामाकडून भिंतीलगत लाकडी पाट्यासुद्धा बसवून घेतल्यास, पिल्लं आईखाली चेंगरू नयेत म्हणून. त्या पाट्या कोऱ्याच आहेत. तू पिल्लांसाठी थांबली नव्हतीस, आक्का. मी बोलेन म्हणून थांबली होतीस. असं मला वाटतं आणि वाटलं की जेवण जात नाही. मग वाटतं, नाही, तुझ्या मनात असं काही नसेल, मीच स्वतःला फार मोठा समजतोय.

तर आज सकाळचं. माणूस खेडच्या बाजूचा, सज्जन वाटला. त्याच्या खांद्यावर नवं दावं होतं.  धोंडूमामा कुंपणाला टेकून उभा होता. तेरा दिवस सुतकात मी अडकलो तेव्हा म्हशी सोडून बायोला पाणी घालायला तोच खाली यायचा. त्या माणसाने बायोला सगळीकडून बघितलं, सड मोजले, खूश झाला. आणि म्हणाला,

"कागद हाय काय हिचा?"

अगदी तुझाच प्रश्न. माझ्या तोंडात सवयीने शिक्के आले होते. मी धोंडूमामाकडे बघितलं आणि म्हणालो, "नाय. आणि यायचा पण नाय. पाठीवर भोवरा हाय तिच्या, ती खोट धरतात. मला पहिल्या दिवशीच म्हायत होतं. आक्काला मी खोटं सांगितलं."

महाडमध्ये तीस वर्षं नीटनेटकं बोलणारा मी, ते वाक्य माझ्या तोंडून आपल्या बोलीत आलं. तो माणूस बावरला. त्याला एवढं नको होतं. म्हणाला, कागद नाय तर नाय, मटणाच्या भावात देऊन टाका.

मी म्हटलं, द्यायची नाय.

सुनंदाला काय सांगू हे डोक्यात येण्याआधीच बोलून बसलो होतो. दोनदा रोज कोण येणार, नर कुठून आणायचा, प्राचीच्या स्थळांना काय सांगायचं, कशाचाच पत्ता नाही. तो माणूस दावं सावरत निघून गेला. धोंडूमामाने कुंपणावरचा हात काढला. मग म्हणाला, "दुपारी पाणी जास्ती घाल तिला, ऊन वाढलाय," आणि वर धनगरवाड्याकडे चालायला लागला.

मी बादली भरली. भात ओतला, पाणी घातलं, तिच्या पाठीवर हात ठेवला, भोवऱ्यावर. पहिल्यांदाच. ती खात राहिली. मी बादली पालथी घातली आणि गाडीकडे निघालो, सावकाश, तू मागून यायचीस तेवढा वेळ देत. फाटकापाशी थांबलोसुद्धा.

एकदा विचार ना गं, आक्का. आज मी खरं सांगतो.